पातेलं घरी ठेवून

योर्लादिसला आमच्या गावात सगळे योला म्हणतात. बेकरीचा मालक म्हणतो, पाद्री म्हणतात, जीपवाले म्हणतात, आणि तिचा स्वतःचा तीन वर्षांचा मुलगाही योलाच म्हणतो. सगळी कुरकुर इथून सुरू होते, म्हणून आधीच सांगून टाकते.

योला अंधार असतानाच बेकरीत जाते. पोरं उठतात तेव्हा आई घरात नसते, सासू असते. दोन्या रुबिएला; वयानं मोठ्या बाईला इकडे मानानं दोन्या म्हणतात. वरच्या मजल्यावर रुबिएला, खालच्या मजल्यावर योला, तिचा नवरा उबेइमार आणि दोन मुलं. वर आणि खाली हे नुसतं म्हणायला, जिन्याला दार नाही आणि असतं तरी रुबिएलानं ते लावू दिलं नसतं. धाकटा हेरोनिमो बोलायला लागला तेव्हा सकाळी गुळाचं गरम पाणी कोण पाजत होतं, मक्याची भाकरी, आरेपा, कुस्करून कोण भरवत होतं, ढुंगण कोण धूत होतं? तिलाच तो 'मामा' म्हणाला; इकडे मामा म्हणजे आई. आईला सगळं गाव म्हणतं ते नाव. मोठी सालोमे सात वर्षांची. ती आईला आईच म्हणते, कारण ती झाली तेव्हा योलाला अजून बेकरीतली नोकरी लागली नव्हती.

शाळेत योला माझी विद्यार्थिनी होती. बाकावर धड कधी बसली नाही. अजूनही तेच. माझ्या ओसरीवर येते, खुर्चीच्या टोकाला टेकते, उठते, कुंडीतली सुकलेली पानं खुडते, परत टेकते, परत उठते. बघणाऱ्याला घेरी येते.

त्या जून महिन्यात ती आली ती बोलतच आली. "बाई, सोमवारची सुट्टी जोडून आलीय. मालकानं शनिवारही दिला. आम्ही मेदेयीनला चाललो. चौघंच."

"चांगलं आहे. बस."

"तुम्ही तिथे कॉलेजला होतात ना. मला सांगा काय काय दाखवू. मत्स्यालय, प्राणिसंग्रहालय, मेट्रो, तारेवरून जाणारा पाळणा, वनस्पती उद्यान, आणि ते अनवाणी चालायचं मैदान, आणि मोठा मॉल..."

"दोन दिवसांत?"

"अडीच."

"पोरं आहेत का मालाची पोती? दिवसाला एक गोष्ट. दुपारी झोप. हॉटेल मेट्रोच्या जवळ घे, स्वस्त म्हणून भलत्या ठिकाणी घेऊ नकोस. धाकट्याचे कपड्यांचे तीन जोड हातातल्या पिशवीत ठेव, बसच्या टपावरच्या पिशवीत नाही. वळणावर तो ओकणार."

"तो ओकत नाही."

"सगळे ओकतात. बस म्हटलं ना तुला."

ती बसली नाही. कठड्याला टेकून खालच्या घाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, मला एवढंच बघायचंय, तीन दिवस दुसरं कुणी नसलं तर तो माझ्याकडे येतो का."

हे ती एकदाच बोलली. पुन्हा लगेच मत्स्यालय.

त्यानंतर रोज एक नवा बेत. सोमवारी प्राणिसंग्रहालय रद्द, मंगळवारी परत आलं. एकदा म्हणे हॉटेलात पोहण्याचा तलाव हवाच, दुसऱ्या दिवशी तलावात पोर बुडेल म्हणून तलाव नसलेलंच हॉटेल हवं. उबेइमारला विचारलं की तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं, माझी आई." बायकोला 'माझी आई' म्हणायची इकडची रीत आहे, त्यात काही वावगं नाही. पण त्या घरात ते ऐकताना मला हसू यायचं. खरी आई कोण, एवढा एकच प्रश्न त्या घरात होता आणि उत्तरं भलत्याच दिशांना वाटली जात होती.

इथवर ठीक चाललं होतं. मग योलानं चूक केली. बेकरीत एका गिऱ्हाईकानं विचारलं, सुट्टीत काय, आणि ही चीजचे तळलेले गोळे, बुन्युएलो, कागदात बांधता बांधता म्हणाली, "पासेओला चाललोय."

प्रवासाला म्हणाली असती, शहरात म्हणाली असती, चाललं असतं. पासेओ म्हणजे सहल हे शब्दकोशात. आमच्या गावात पासेओ म्हणजे पातेलं. नदीकाठ, तीन दगड, काटक्या, आणि कोंबडी, युकाचे कंद, कच्ची केळी नि मक्याची कणसं घालून रटरटणारं सांकोचो नावाचं कालवण. पातेलं एवढं मोठं असतं की त्यात चौघांपुरतं शिजवताच येत नाही. म्हणून पासेओला कुणी कुणाला बोलावत नाही. कळलं की यायचं, आणि येताना विचारायचं, "मी काय आणू?"

संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावानं विचारून झालं. उबेइमारची बहीण केळी आणणार होती. चुलत दीर आपली रंगीत बस काढणार होता, फुकट, फक्त डिझेल घाला म्हणाला. समोरची विधवा म्हणाली, "मेदेयीनला नदी आहेच की, काठावर बसू." मेदेयीनची नदी सिमेंटच्या पाटातून दोन हमरस्त्यांच्या मधून वाहते. तिथे काटक्या पेटवल्या तर पोलीस येतील. पण हे सांगायचं कुणाला?

योला धावत माझ्याकडे आली. हातांना पीठ तसंच. "बाई, मी नाही म्हणू शकत नाही."

"का?"

"माझ्या लग्नात त्यांनीच डुक्कर कापलं."

"मग आता काय करणार?"

"सांगते की सहल नाहीच. हेरोनिमोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. डॉक्टरकडे कोण येतंय?"

मी म्हटलं, हे महागात पडेल. तिनं ऐकलं नाही. ऐकायला एका जागी थांबावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी लिंबं द्यायला रुबिएलाकडे गेले होते. ती परसात कोंबड्या निवडत होती. निवडून दोघींच्या पायाला चिंधीही बांधून झाली होती. तेवढ्यात योला आली आणि उभ्या उभ्या एका दमात सगळं बोलली: सहल रद्द, डोळे, डॉक्टर, तपासणी, फक्त चौघं.

रुबिएलानं कोंबडी खाली सोडली. "डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही. म्हणजे तपासायचेत."

"मग तर मला यायलाच हवं. डोळ्यात थेंब घालताना धरणार कोण? तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. बाकीच्यांना नाही म्हणून सांगते, ते येऊन काय करणार? पण मी येते. बस कितीची आहे?"

असं झालं. चौदा माणसं गळली आणि जी एक नको होती तीच उरली. योलाचा चेहरा तिच्या हातांसारखा पांढरा पडला. माझ्याकडे बघत राहिली. मला असल्या गोष्टींचा कंटाळा आहे. म्हटलं, "योला, खरं काय ते सांग. नाहीतर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी भरेल."

योला कोंबड्यांकडे बघून बोलली. "डॉक्टर नाही, दोन्या. मला आमचंच जायचंय. चौघांचं."

"आणि मी कोण? परकी?"

"तुम्ही त्याच्या मामा आहात. तेच म्हणते मी. तो तुम्हाला मामा म्हणतो आणि मला बेकरीतली माणसं हाक मारतात तशी हाक मारतो."

"मी नाही शिकवलं त्याला."

"कुणीच नाही शिकवलं."

मला वाटलं रुबिएला रडेल. ती रडणाऱ्यातली नव्हे. म्हणाली, "या दोन कोंबड्यांचं काय करू? सगळ्यांना सांगितलंय."

"आपली नदी कुठे गेली नाही," मी म्हटलं.

"तुम्ही लिंबं ठेवा आणि जा, बाई." मग योलाकडे वळली. "तो माझ्याशिवाय झोपत नाही. शनिवारी संध्याकाळी परत याल तुम्ही. मी वरचं दार उघडं ठेवीन." दार नव्हतंच. पण बोलणं जिथे लागायचं तिथे लागलं.

शनिवारी सकाळी मी चौकात गेले. रुबिएला आली नव्हती. उबेइमार पिशव्या टपावर चढवत होता आणि सारखा घराच्या बाजूला बघत होता. मी त्याला म्हटलं, "पुढे बघ, नाहीतर पिशवी डोक्यावर पडेल." चांगला माणूस आहे, पण आईचा विषय निघाला की नुसता टोपी चोळतो. हेरोनिमो खिडकीशी मजेत होता. बस सुरू झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की कुणीतरी कमी आहे. "मामा" असं तो ओरडायला लागला ते बस वळणाआड गेली तरी ऐकू येत होतं. चौकातल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "संध्याकाळी परत."

दुपारी फोन.

"बाई, इकडून दुपारची बस किती वाजता सुटते?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, पण सांगणार नाही. काय झालं?"

"तीनदा ओकला. जेवत नाही. मत्स्यालयात जमिनीवर लोळला, मासा बघितला नाही. माझ्याकडे पाठ करून बसलाय. लोक बघतात, बाई. त्यांना वाटतं मी पळवून आणलाय."

"मासे राहू देत. त्याला काय आवडलं?"

मग सालोमेचा आवाज आला, फोन हिसकावून घेतलेला. "सरकता जिना. मॉलमध्ये. चढायचं आणि परत उतरायचं. पण आई म्हणते त्यासाठी नाही आलो आपण."

"आईला सांग, त्यासाठीच आलात. आणि तिला म्हणावं, मला पुन्हा फोन करू नकोस."

त्यानंतर फोन आला नाही. मी रविवारभर फोनकडे बघत होते, हेही खरं. संध्याकाळी नदीवरून रंगीत बस परत आली. एकदा पासेओ म्हटल्यावर तो होणारच, नाहीतर केळी पिकून जातात. सगळे उन्हानं लाल. रुबिएला शेवटी उतरली. माझ्या ओसरीवरून जाताना थांबली नाही, पण मान न वळवता विचारलं, "काही कळलं?"

"नाही."

"म्हणजे झोपला असेल काल," ती म्हणाली आणि गेली.

सोमवारी ते आले. योला थेट माझ्याकडे, हेरोनिमो कडेवर. त्याच्या मुठीत तिच्या ब्लाउजची बाही, ताणून ताणून सैल झालेली. सांगायला लागली ती सालोमे. योला एकीकडे "तसं नाही, असं" म्हणत होती.

झालं होतं असं. रविवारी संध्याकाळी मेट्रोच्या फलाटावर सामन्याहून परतणारी गर्दी, हिरव्या सदऱ्यांचा लोंढा. उबेइमार दोन्ही पोरांना घेऊन आत शिरला. योला पिशवीचा अडकलेला पट्टा सोडवत होती, आणि दार लागलं. ती बाहेर, ते आत. गाडी सुटली.

"बाई, तो काचेला चिकटला," सालोमे म्हणाली, "आणि ओरडला. योला, योला, असा. पुढचं स्टेशन येईपर्यंत. सगळ्या डब्याला तिचं नाव कळलं. बाबांनी उचललं तर त्यांना लाथा. एक बाई म्हणाली, अरे लेकरा, योला कोण, तुझी मांजर का? मी सांगितलं, त्याची आई आहे."

पुढच्या स्टेशनावर ते उतरून थांबले. मागच्या गाडीनं योला आली. दार पुरतं उघडायच्या आत पोर तिच्या गळ्यात. तेव्हापासून ती बाही त्याच्या मुठीत आहे. झोपेतही सोडली नाही, ती न्हाणीघरात गेली तर दाराशी उभा.

"अजून योलाच म्हणतो," योला म्हणाली. ती खुर्चीवर बसली होती. मांडीवर ओझं होतं म्हणून असेल, पण पूर्ण टेकून. "मामा नाही म्हणाला एकदाही. पण बाई, ओरडला तो माझ्याच नावानं."

घरी गेल्यावर त्यानं रुबिएलाकडे धाव घेतली, "मामा" म्हणूनच. मी माझ्या खिडकीतून पाहिलं. योला पिशव्या घेऊन मागे उभी राहिली. रुबिएलानं त्याला उचललं, पोट चाचपलं आणि म्हणाली, "वाळलाय." एवढंच बोलणं झालं. मला वाटलं, संपलं. गाडं जिथलं तिथे.

मंगळवारी सकाळी मी ओसरी झाडत होते. अजून डोंगरावर धुकं होतं. रुबिएला खांद्यावर शाल टाकून आली, कडेवर हेरोनिमो, रडून डोळे सुजलेले.

"तीन दिवसांत बिघडवून आणला पोरगा," ती म्हणाली. "उठल्यापासून योला कुठे, योला कुठे. पाणी घेत नाही. दाराशी जाऊन उभा राहतो. तीन वर्षं मी उठवते त्याला, कधी विचारलं नाही. आता मी काय सांगू?"

"सांग, बेकरीत आहे."

"सांगितलं. म्हणतो, चल."

"मग जा. दोन गल्ल्या तर आहेत."

"एवढ्या थंडीत? आणि तिथे जाऊन काय, तिच्या कामात लुडबुड करायची?"

"टोपी घाल त्याला. आणि मालकाला म्हणावं, बाईंनी पाठवलंय."

रुबिएला उभीच. पोरानं तिच्या शालीतून हात काढून रस्त्याकडे दाखवला. ती काहीतरी पुटपुटली, बहुतेक मलाच शिवी दिली असावी. मग आपली शाल काढून त्याच्या डोक्यावरून गुंडाळली आणि बेकरीच्या दिशेनं चालू लागली.