वरच्या कॉपीतला आवाज

मागच्या आठवड्यात इथेच एका धाग्यावर चर्चा चालली होती — फोटो, फाइली ठेवायला ऑनलाइन जागा विकत घ्यावी, की सरळ हार्ड डिस्क आणून मोकळं व्हावं. बहुतेकांचा कौल हार्ड डिस्कला पडला, आणि व्यवहार पाहिला तर तेच बरोबर आहे. मी तिथे एवढंच लिहिलं की मी पैसे भरते, पण का भरते ते इथे सांगता येणार नाही. त्यावर दोघातिघांनी खोदून खोदून विचारलं... म्हणून हे वेगळं लिहितेय.

मी भुताखेतांवाली बाई नाही. कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे, दिवस कॉम्प्युटरसमोर जातो. या सदरातले अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचायचे, आणि वाचून झालं की मनात म्हणायचे — झोप झाली नसेल बिचाऱ्याची. आता तुम्ही माझ्याबद्दल तेच म्हणालात तर माझी तक्रार नाही.

राहते भोरला. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर एक खोली आणि पुढे छोटी गॅलरी. एकटीच. लग्न वेल्ह्याला झालं होतं, ते टिकलं नाही. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. आई मी रांगत होते तेव्हाच गेली. तिचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यातही ती खाली बघतेय. मला वाढवलं मावशीनं. मावशीला मूलबाळ नव्हतं, नवराही लवकर गेला. हिर्डोशीच्या पुढे, वरंधा घाटाच्या बाजूला एक वाडी आहे. एसटीतून रस्त्यावर उतरायचं आणि मग चढण चालायची. तिथे मावशी, तिची एक म्हैस, भाताची दोन खाचरं आणि वरच्या अंगाला थोडी नाचणी. रेंज अजिबात नाही. मोबाईल म्हणजे तिथे नुसतं घड्याळ.

मी शनिवारी दुपारच्या एसटीनं जायचे आणि रविवारी परत यायचे. मावशी थकत चालली होती. एकदा माझ्या मनात आलं, आईचा आवाज कसा होता ते मला माहीत नाही... निदान मावशीचा तरी आपल्याजवळ राहू दे. पण समोर फोन धरला की ती पदर तोंडाला लावून हसायची. "ह्ये काय गं नंदे, मी काय पुढारी हाय व्हय भाशेन कराया?" मग मी युक्ती केली. रेकॉर्डिंग चालू करून फोन चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायचा आणि मी पाण्याला नाहीतर गोठ्यात जायचं. मावशीला एकटीनं बोलायची सवय होती. काम करता करता ती विचारायची, थांबायची, मग "व्हय का?" म्हणायची आणि पुढे बोलायची. एकटी राहणारी म्हातारी माणसं बोलतात तसं.

ही रेकॉर्डिंग बरीच लांबलचक असायची. फोन भरला, मग त्या फुकटातल्या ऑनलाइन जागेत आपोआप चढायला लागली, तीही भरली. जागा संपल्याचे मेसेज सुरू झाले. सोबत ऑफर — पहिला महिना फुकट, आवडलं तर पुढे पैसे भरा. म्हटलं, महिनाभर बघू, नाही पटलं तर सगळं उतरवून घेऊन बंद करू. घाटातून खाली आलं, रेंज आली, की रेकॉर्डिंग चढायला लागायची. भोरला पोचेपर्यंत बहुतेक काम झालेलं असायचं.

त्याच महिन्यात, एका दुपारी ऑफिसात डबा खाता खाता मी कॉम्प्युटरवर ती जागा उघडली. काय ठेवायचं, काय पुसायचं ते बघत होते. कानाला हेडफोन होते. चुलीचा आवाज, भांड्याचा आवाज, मग मावशी —

"आज काय शिजीवलंस गं?"

आणि ती जिथे थांबायची, तिथे कुणीतरी म्हणालं, "काय न्हाई. सकाळचंच व्हतं."

बाईचा आवाज. म्हातारा नाही. चुलीपासून जरा लांब, उंबऱ्याशी बसून बोलावं तसा.

"आसं शिळं खाऊने बाय."

"भूक न्हवती लई."

मी हेडफोन काढले. पहिल्यांदा वाटलं, शेजारीण आली असेल. पण मावशीच्या घराला लागून शेजार नाही, आणि मी तेव्हा अंगणातच होते. कुणी आलं असतं तर माझ्या समोरूनच आत गेलं असतं. मग तेच रेकॉर्डिंग फोनवर लावलं. फोनमध्ये नुसती मावशी. "आज काय शिजीवलंस गं?" ...चूल, भांडं, बाहेर म्हैस... "आसं शिळं खाऊने बाय."

दोन्हीची लांबी एकच. मूळ फोनमधलं आणि वर चढलेलं, एकाच रेकॉर्डिंगच्या दोन कॉपी. सिंक म्हणजे इथे असेल तेच तिथे, एवढं तर मलाही कळतं.

माझ्या शेजारी वर्षा बसते. तिला काही न सांगता हेडफोन दिले. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "मावशी का या तुझ्या? गोड बोलतात. दुसरी कोण आहे?"

"तुला ऐकू येतेय?"

"म्हणजे काय? चांगली स्पष्ट बोलतेय की. ओळखीचा वाटतो गं आवाज... कोण आहे?"

मग मी जे जे सुचेल ते केलं. पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं, तर मधल्या जागा रिकाम्या. फोनवरच इंटरनेट चालू ठेवून वरची कॉपी वाजवली, तर आवाज हजर. कंपनीला लिहिलं, त्यांनी ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. तेही केलं. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला जे येतात त्यांनी, हल्ली आवाज साफ करणारं काहीतरी असतं, त्यात असे भास होतात, असं सांगितलं. पण ऐकल्यावर ते चहा न घेताच गेले.

माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. मावशी जिच्याशी जन्मभर मनातलं बोलली असेल, अशी एकच बाई होती. तिची थोरली बहीण. माझी आई.

त्या दिवसांत मी डबा लवकर संपवून रोज ऐकत बसायचे. एकेक रेकॉर्डिंग, हळूहळू. तो आवाज फार बोलायचा नाही. "हा." "निजते की." "दार लावलं." पण तेवढ्यासाठी मी सकाळपासून दुपारची वाट बघायचे. आणि खरं सांगते, भीती अशी वाटलीच नाही. हेवा वाटला. मावशी विचारते तर ती बोलते... मग मी विचारलं तर?

एका रविवारी खोलीतच फोन समोर ठेवला. "आई," म्हटलं आणि थांबले. "मी नंदा." थांबले. काय विचारावं ते कळेना. शेवटी मावशीसारखंच, "जेवलीस का?" असं विचारलं. सोमवारी ऑफिसात वरची कॉपी लावली. पंख्याचा आवाज होता, मागे स्टँडवर बसची घोषणा होती, आणि मधल्या जागा रिकाम्या होत्या. वर्षाच्या समोर रडू नये म्हणून बाहेर जाऊन तोंड धुतलं.

फुकटचा महिना संपत आला होता. पैसे भरले नाहीत तर वरच्या कॉपी जाणार, आणि त्या उतरवून घेतल्या तर मुक्या होतात... काय करावं ते मावशीला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, असं मनाशी ठरवलं. पण वाडीत तिला ऐकवणार कसं? तो आवाज रेंजशिवाय निघतच नव्हता.

नेमकं त्याच सुमारास तिला डोळे दाखवायला भोरला आणायचं होतं. म्हैस खालच्या घरच्यांवर सोपवून ती माझ्याबरोबर निघाली. निघायच्या आधी, सकाळी ती भाकरी करत असताना, मी नेहमीसारखा फोन कोनाड्यात ठेवून बाहेर गेले होते. एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि माझ्या हातात ते रेकॉर्डिंग हळूहळू वर चढत राहिलं.

खोलीवर आल्यावर तिला चहा दिला. गॅलरीत ऊन होतं, तिथे बसवलं. म्हटलं, "मावशी, तू सकाळी कुणाशी बोलत होतीस?"

"कुनाशी न्हाई. तोंडाला सवय."

"हे ऐक." तिच्या कानाशी फोन धरला. जुनं, ऐकलेलं रेकॉर्डिंगच आधी लावलं. ती ऐकत राहिली. तोंडावर भीती नाही, नवल नाही.

"ही आई आहे ना माझी?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. "आक्का? न्हाई गं. आक्काचा आवाज घोगरा व्हता, बापय मानसासारका." मग जरा हसली. "आगं, ह्यो तुजा आवाज हाय."

"माझा? मी अशी बोलते का?"

"माज्याकडं व्हतीस तवा आशीच बोलायचीस. लगीन हून ग्यालीस, मंग हापिसात लागलीस, तवापून सुदारलीस."

मला पटेना. म्हटलं, आपला आवाज आपल्याला कळणार नाही का. सकाळचं रेकॉर्डिंग मी अजून ऐकलं नव्हतं, ते लावलं. स्पीकर मोठा केला. भाकरी थापल्याचा आवाज. मावशी विचारत होती, सुट्टीच्या दिवशी काय केलंस म्हणून.

आणि तो आवाज सांगत होता. "काय न्हाई. दिसभर कुनाशी बोललेच न्हाई बग. सांजचं दुकानात गेले. साकर नगं व्हती, तरी साकर मागितली... त्यो म्हनला, पाव किलो देऊ का येक किलो. म्हनलं, द्या येक."

ते खरं होतं. आठवड्यामध्ये एक सुट्टी आली होती, मला वाडीला जाता आलं नव्हतं. संध्याकाळ झाली तरी सकाळपासून तोंडातून एक शब्द निघाला नव्हता, म्हणून मी वाण्याकडे गेले होते. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. वर्षाला नाही, मावशीला तर नाहीच. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

मी फोन खाली ठेवला.

मावशी कपातला चहा फुंकत बसली होती. म्हणाली, "म्हंजी फडताळात साकरंची पुडी तशीच आसंल."

होती. तशीच, बांधलेली. मी चहा बिनसाखरेचा पिते.

"मावशी, मी तिथं नसते गं. मी अंगणात असते, नाहीतर इथं भोरला असते. मग हे कोण सांगतं तुला?"

"त्ये मला काय ठावं? मी इचारती. तू काय म्हनली आसशील त्ये मला वाटतं. येवढंच." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पर नंदे, साकर कशाला आनायची? जीप करून यायचं व्हतं की वर."

ती चार दिवस राहिली. त्या दिवसांत मीही रेकॉर्डिंग केलं. त्यात मी आणि मावशी बोलतोय, फोनमध्येही तेच आणि वरही तेच. मी पैसे भरत होते तेव्हा ती शेजारी होती. कशाचे म्हणून विचारलं, मी सांगितलं. म्हणाली, "आन् ह्ये कशापायी? मी हाय की जित्ती. यीऊन इचार." मी तरीही भरले.

मावशी गेल्या थंडीत गेली. झोपेतच. खालच्या घरच्या माणसानं रेंज मिळेपर्यंत चालत येऊन फोन केला. दिवसकार्य झालं, म्हैस त्यांनाच दिली, घराला कुलूप लावलं. आता शनिवारी कुठे जायचं हे अजून अंगवळणी पडलेलं नाही.

वरच्या कॉपी आहेत. प्लॅन चालू आहे. अजूनही त्यात मी बोलते — मी न बोललेलं. कधी कधी माझ्या लक्षात नसलेला एखादा दिवस त्यात सापडतो. याचं कारण मला कुणी सांगू शकलेलं नाही आणि मला स्वतःलाही सुचलेलं नाही. इथे कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, वाचेन.

एक गोष्ट मात्र लिहू की नको असं चाललं होतं. परवा सकाळी निघताना घरमालकीण काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "नंदा, गावाकडून कुणाला राहायला आणलंस का गं? सांगायचं तरी. म्हातारं माणूस आहे, आपला जिना उभा आहे."

मी म्हटलं, "कुणी नाही काकू."

त्या हसल्या. "अगं, मी काय भाडं वाढवणारे का? संध्याकाळी तू आलीस की बोलता ना दोघी. त्या विचारतात, तू सांगतेस. खाली ऐकू येतं. बरं वाटतं."

मी संध्याकाळी बोलते, हे खरं आहे. कुकर लावला की तोंडातून आपोआप निघतं — दार लावलं गं, आज फॉर्मची गर्दी होती, डबा संपवला. थांबते, पुन्हा बोलते. मला मध्ये काही ऐकू येत नाही.

फोन तिथेच ओट्यावर असतो. बटण दाबायचं, वर चढू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ऐकायचं, एवढंच तर करायचंय. जागाही भरपूर शिल्लक आहे. पण मी अजून बटण दाबलेलं नाही. वर चढल्यावर त्यात नुसती मीच असले तर...?