फाटकाबाहेरचे जोडे

आमच्या घरी कुणी येऊन विचारलं, "हवालदार कुठे?" की उत्तर द्यायच्या आधी सगळे पानवाडीच्या फाटकाकडे बघायचे. फाटकाबाहेर काळे जोडे दिसले की आजोबा आत. नाही दिसले, तर बाजारात किंवा कुणाच्या तरी भांडणात नाक खुपसायला गेलेले. आजी त्यांना हाक मारायचीच नाही. जोडे बघायची आणि चहा ठेवायची.

माझे आजोबा, हवालदार दिनानाथ चुरी, गेल्या चैत्रात गेले. एक्याऐंशी वर्षांचे होते. आमचं गाव माहीम. मुंबईचं नव्हे, पालघरचं. हे मला मी कामाला जातो त्या कुंभवलीच्या कारखान्यात रोज कुणाला तरी सांगावं लागतं आणि रोज तितकाच राग येतो. घरामागे आमची पानवेलींची वाडी आहे. आत शिरलं की ऊन हिरवं होतं. वेली डोक्याच्या वर जाऊन एकमेकींत गुंततात, पाटाचं पाणी वाजतं पण दिसत नाही, आणि मोठ्या आवाजाचा माणूससुद्धा आपोआप हळू बोलायला लागतो. लहानपणी मला वाटायचं, झोपेत आपण जातो ती जागा हीच.

या वाडीत पायात काही घालून जायचं नाही. पान देवापुढे जातं, लग्नात जातं, तिथे चपला कशा न्यायच्या? हा नियम माझ्या पणजोबांच्याही आधीचा. आजोबांनी तो आयुष्यात एकदाच मोडला.

ते पलटणीत सुरुंग काढण्याच्या कामावर होते. एकाहत्तरची लढाई संपली तरी त्यांचं काम संपलं नव्हतं. शेताशेतांतून पुरलेले सुरुंग शोधत फिरायचं. तीन महिने घरी पत्र आलं नाही. आजी तेव्हा नवी नवरी होती. रोज कुंकू लावताना हात थांबायचा, असं ती अजून सांगते. आणि एका दुपारी आजोबा पालघरला गाडीतून उतरले, चालत घरी आले आणि कुणालाही न भेटता सरळ वाडीत घुसले. पणजोबा कमलाकांत आत पानं खुडत होते. मेला असं धरलेला मुलगा समोर उभा, आणि पणजोबा पहिलं काय बोलले?

"दिन्या, जोडे!"

आजोबा फाटकाबाहेर जाऊन जोडे काढायला लागले, तर ते निघेनात. पाय सुजलेले. मग पणजोबांनी खाली बसून एकेक नाडी सोडली, जोडे उपसून काढले, विहिरीचं पाणी आणून मुलाचे पाय धुतले. पाय धुता धुता ते हमसून रडायला लागले. हे सांगताना आजोबा नेहमी हसायचे. मला मात्र ऐकताना कधी हसू आलं नाही.

लढाईबद्दल ते बोलत नसत. स्वातंत्र्यदिनाला शाळेत भाषणाला बोलावलं, तर पानवेलीवरच्या रोगाबद्दल बोलून आले. मी एकदा फार मागे लागलो, तेव्हा वाडीत पानं खुडता खुडता म्हणाले, "तिथं जमिनीला विचारल्याबिगर पाऊल टाकता येत नाय. माझ्या पुढच्याने एकदा नाय विचारलं." खुडलेलं पान टोपलीत ठेवलं. मग चिखलात पायाची बोटं रुतवून म्हणाले, "हितं विचारायला लागत नाय. म्हणून जोडे भायेर."

मी चालायला शिकलो तो याच वाडीत, त्यांच्या पावलांवर माझी पावलं ठेवून. ते मला काखेत धरून उलटे चालायचे आणि पलटणीतल्यासारखं म्हणायचे, "बायाँ... दायाँ..." माझा पाय जमिनीला लागायचाच नाही, तरी मी चालतोय असं मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगठ्याला जखम झाली. रक्तात साखर होतीच. जखम भरता भरेना. डॉक्टरांनी मऊ तळाच्या खास चपला दिल्या आणि बजावलं, घरातसुद्धा अनवाणी पाऊल टाकायचं नाही, नाहीतर पाय कापावा लागेल. आजोबा हुकूम पाळणारे. चपला उतरवल्या नाहीत. आणि चपला घालून वाडीत जायचं नाही, म्हणून वाडीत जाणंच थांबलं.

फाटकाबाहेर खुर्ची टाकून ते आत बघत बसायचे. आजी चिडायची. "जा ना चपला घालून! देवाला काय डोळं नाय? तुमचा पाय त्यालाबी दिसतो."

"देवाचं नाय गं मंगला," ते म्हणायचे. "चपला घालून आत गेलो तर ती जागाबी तिथल्यासारखी व्हईल."

हिवाळा आला तशी त्यांची तब्येत उतरली. पान कडू लागतंय म्हणायचे, मग दुसऱ्या दिवशी तेच पान मागायचे. जेवण निम्म्यावर आलं. पुढचा हिवाळा ते बघणार नाहीत, हे आम्हाला सगळ्यांनाच कळत होतं. मला झोप लागेना ती एकाच गोष्टीने: हा माणूस त्या खुर्चीतूनच जाणार का?

माघातल्या एका रविवारी दुपारी मी फाटकाशी माझ्या चपला काढल्या आणि त्यांच्यापुढे पाठ करून बसलो.

"काय हाय?"

"बसा पाठीवर."

"केदार, वेडा झालास काय?"

पण हात माझ्या गळ्यात आलेही होते. मी त्यांच्याही चपला काढून माझ्या चपलांशेजारी ठेवल्या आणि उठलो. कारखान्यात मी यापेक्षा जड पोती उचलतो. त्यांचं वजन लागलं नाही म्हणूनच मला रडू आलं. आत ऊन हिरवं झालं. आजोबा जाता जाता पानांना हात लावत होते, ओळखीच्या माणसांच्या पाठीवर ठेवावा तसा.

मधोमध पोचल्यावर म्हणाले, "उतरव."

"आजोबा, डॉक्टर..."

"एकदा उतरव रे."

उतरवलं तर पाय जाईल. नाही उतरवलं तर काय जाईल, तेही मला ठाऊक होतं. मी वेलींच्या एका खांबाशी टेकलो, त्यांना हळूच पुढे घेतलं, काखेत धरलं आणि त्यांची पावलं, पट्टी बांधलेलं आणि बिनपट्टीचं, माझ्या पावलांवर ठेवली. त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "बायाँ."

मी डावा पाय मागे घेतला.

"दायाँ."

असे आम्ही पाटापर्यंत गेलो. मी उलटा, ते सुलटे. माझ्या टाचा चिखलात रुतत होत्या, त्यांच्या पायांना थेंबही लागला नव्हता. पाटाशी ते थांबले. माझ्या दंडांवरची त्यांची बोटं घट्ट झाली.

"जमीन कशी हाय रे?"

"थंड आहे."

"विचारलंस तिला?"

"नाही, आजोबा. इथे विचारावं लागत नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि सगळा भार माझ्या पावलांवर टाकला. "मग चल," म्हणाले.