बकऱ्यांच्या गोठ्याचं दार

नवरा गेल्यावर माणसं सांगतात, राग सोडून द्या, मन हलकं होईल. मी सोडला नाही. वर्षभर तो नीट सांभाळला आणि धुळ्याला जाताना सोबत घेतला.

आमच्या ह्यांनी आयुष्यभर विमानांचा इतिहास लिहिला आणि त्यावर माहितीपट केले. जळगावात राहून हे करणं म्हणजे वाळवंटात होडी बांधण्यासारखं, असं माझे वडील म्हणत. पुस्तकं खपत नसत, माहितीपट कुठल्या तरी कॉलेजात दुपारी लागत. पण त्यांचा एक नेम होता. जिथे चित्रण केलं, तिथल्या माणसांना दाखवल्याशिवाय माहितीपट पूर्ण झाला असं ते मानत नसत. पडदा म्हणून आमची लग्नातली पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर आणि मी, असे आम्ही गावोगाव जायचो.

त्यांचा एक सहकारी होता. धुळ्याच्या कॉलेजात शिकवायचा, मला वहिनी म्हणायचा. चित्रणाला हौसेनं यायचा, चादरीच्या वेळी कधीच नाही. "वहिनी, भाऊ आता टुरिंग टॉकीज काढणार. तुम्ही तिकिटं फाडा," असं म्हणून हसायचा.

शेवटचा माहितीपट सातपुड्याच्या पायथ्याशी पडलेल्या एका विमानावर होता. तिथल्या एका गावात एका घरी रिव्हेट मारलेला जुना पत्रा होता. महायुद्धातलं विमान डोंगरात हरवलं, त्याचाच हा तुकडा, अशी ह्यांची खात्री. त्या पत्र्यावर कॅमेरा रोखून त्यांनी स्वतःच्या आवाजात म्हटलं होतं, की दूर कुठे तरी एक आई वैमानिकाची वाट पाहत राहिली.

माहितीपट तयार झाल्यावर एका संध्याकाळी तिथल्याच शाळेच्या भिंतीवर चादर लावली. ते वाक्य आलं आणि सगळं गाव हसायला लागलं. पत्रा जिच्या घरचा, ती अक्का तर पदर तोंडाला लावून डोलत होती.

"भाऊ, लढाईनं कसानं! हाई ते फवारणीनं इमान शे. कपाशीवर औषध मारेत ना, ते!"

"आणि वैमानिक?" ह्यांनी विचारलं.

"त्याले मना सासरानी कांदा-भाकर दिधी. खाईसन गया तो!"

तो पत्रा तिच्या बकऱ्यांच्या गोठ्याचं दार होता. सर्वांत जास्त हसले ते हेच. परतताना गाडीत म्हणाले, "बरं झालं. आता तो भाग काढायचा आणि हे हसणंच घालायचं." पण त्याच आठवड्यात त्यांचं हृदय थांबलं.

तेराव्याला सहकारी आला. डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, भाऊंचं काम वाया जाऊ द्यायचं नाही." मी माहितीपटाची हार्ड डिस्क आणि त्याच विषयावरच्या पुस्तकाचं हस्तलिखित त्याच्या हातात दिलं. पुढे वर्तमानपत्रातून कळलं, की माहितीपट त्याचा आणि पुस्तकही त्याचंच. ह्यांचं नाव आभाराच्या पानावरही नव्हतं.

धुळ्यातल्या प्रकाशनाचं निमंत्रण द्यायला मात्र तो घरी आला. मला पहिल्या रांगेत बसवायचं होतं त्याला. म्हणजे लोकांची तोंडं बंद राहतात. चहा पिताना त्यानं सहज विचारलं, "भाऊंनी शेवटी काही बदल सुचवले होते का?"

"तुम्ही तर सोबत होतात. पत्रा पाहिलात ना?"

"म्हणजे काय, हात लावून पाहिला!"

"मग झालं," मी म्हणाले आणि त्याला आणखी चिवडा वाढला.

धुळ्याचं सभागृह भरलं होतं. पडद्यावर तेच वाक्य त्याच्या आवाजात आलं. लोक गंभीर झाले. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उठले. त्यानं कौतुकानं स्वतःच माईक माझ्याकडे पाठवला.

"पत्रा युद्धातल्या विमानाचा, हे कशावरून ठरवलंत?"

"वहिनी, प्रत्यक्ष जाऊन. वर्षानुवर्षांचा माझा शोध आहे तो."

मग मी सावकाश सगळं सांगितलं. फवारणीचं विमान, कांदा-भाकर, बकऱ्या. आधी मागच्या रांगा हसल्या, मग पुढच्या. एका वार्ताहरानं विचारलं, "सर, मग पुस्तकातलं ते प्रकरण?"

त्याच्या कपाळावरचा घाम मला पहिल्या रांगेतून स्वच्छ दिसत होता. वाट एकच होती, आणि ती मी वर्षभर मोकळी ठेवली होती.

"ते प्रकरण... ते मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "ती चूक भाऊंची. मूळ लेखन त्यांचं होतं."

"आणि चित्रण?" वार्ताहरानं विचारलं.

"तेही." मग खाली पाहत त्यानं ह्यांचं पूर्ण नाव घेतलं.

नाव परत आलं ते चुकीला चिकटून आलं. मला चाललं. ती चूक ते स्वतःच हसत सांगणार होते. त्यानं ह्यांचं नाव पुटपुटल्यासारखं घेतलं, ते मात्र मला चालणार नव्हतं. माईक अजून माझ्या हातात होता.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "पुन्हा सांगा."