आधी नस बघू दे

"अगं, मी मेली न्हाई! तोंड झाकू नको!" मी ओरडले.

ऑपरेशनच्या टेबलावर मी कुशीवर पडले होते. पाठीत सुई दिल्यामुळं कमरेखालचं अंग आपलं नव्हतंच, आणि सिस्टरनं हिरवं कापड माझ्या तोंडाकडं ओढलं. मुडद्यांची तोंडं झाकण्यात माझी वीस वर्षं गेली. कापड आलं म्हणजे माणूस संपलं, एवढंच मला ठाऊक.

सिस्टर म्हणाली, "आजी, मेलेलं माणूस एवढं बोंबलतं का?"

नांदेडला एका मेडिकल कॉलेजात मी झाडूपोछा करायची. पोरं-पोरी मुडदे कापून शिकतात, तो हॉल माझ्याकडं होता. शिक्षण चौथी पास. पण टेबलांखालून पोछा फिरवून निम्मी डॉक्टरकी आपल्याला आली, असा माझा समज. नोकरी संपल्यावर लातूरला लेकीकडं आले. जन्मभर पोरांवर "फरशी ओली हाय, दिसत न्हाई का?" म्हणून खेकसले आणि स्वतः न्हाणीत घसरून खुबा मोडून घेतला.

ऑपरेशन करणारी डॉक्टरीण त्याच हॉलात शिकलेली निघाली. मी ओळखलं नाही, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनंच सांगितलं. मग आठवलं. पहिल्या वर्षी मुडद्याच्या मांडीमागची मोठी नस तिच्याकडून कापली गेली होती. सर म्हणाले, "झालं, आता हा चालायचा नाही." सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. वर म्हणालेही, "आधी तरी कुठं चालून राहिला होता?"

ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळे गेल्यावरही थांबायची आणि दुसऱ्या मांडीतली नस बोटानं चाचपत बसायची. मी दिवे बंद करायला टपलेली. "पोरी, तुझ्यापायी माझी घरची, उमरीची गाडी जाती. त्याला काय घाई न्हाई, मला हाय."

आता मांडी माझी होती. कापडापलीकडचा हत्यारांचा आवाज थांबला.

"मॅडम, पुढं जायचं?" कुणीतरी विचारलं.

"थांब. आधी नस बघू दे."

ती नस गेली की पाऊल लोंबतं, एवढी डॉक्टरकी मला खरंच येत होती. "लागंल तेवढा येळ लाव गं बाई," मी म्हणाले.

"मावशी, तुम्ही गप पडा." मग त्या विचारणाऱ्याला म्हणाली, "ही बघ. बोट लाव. काम संपेपर्यंत ही कुठं आहे ते विसरायचं नाही."

संध्याकाळी वॉर्डात तिनं चादर बाजूला केली. "पंजा वर घ्या."

मी जोर लावला. पंजा वर आला. तिनं दोनदा पुन्हा करायला लावलं आणि पुढच्या खाटेकडं गेली.

आता मी काठी धरून चालते. मुडदा चालायचा नाही म्हणून सगळ्यात मोठ्यानं हसलेली बाई मीच, आणि माझी गाडी चुकवून ती नस ओळखायला शिकली म्हणून माझा पाय चालतो.