नाचून शिकवलेला भूगोल

माणूस एकदा चारचौघांत नाचला, की त्याचे किस्से गावच जमा करतं. आपण फक्त मान खाली घालून ऐकायचे.

महाराष्ट्र नवा नवा होता. मी डोणगावच्या शाळेत मास्तर होतो. आमचे हेडमास्तर कसल्याशा ट्रेनिंगहून आले आणि म्हणाले, "आता भूगोल नाचातून, चित्रांतून शिकवायचा. सुरुवात तुम्ही करा."

पहिल्याच दिवशी मैदानात मी पृथ्वी झालो. एका मुलाला सूर्य करून मधे उभं केलं आणि गिरक्या घेत त्याच्याभोवती फिरू लागलो. हिवाळा यायच्या आत घेरी आली. कुंपणाशी भाजी विकणारा म्हातारा होता, त्याच्या टोपलीत जाऊन बसलो.

तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, पृथ्वीले हात देऊ काय?"

संध्याकाळी बायको विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परतली. "बाया विचारून राह्यल्या, तुह्या घरची पृथ्वी उठली काय म्हणून. मी नाई जात आता पाण्याले."

मग मी चित्रांकडे वळलो. शाळेच्या भिंतीवर गेरूनं मोठा ज्वालामुखी काढला, खाली नाव लिहिलं. सकाळी पाहतो तर भिंतीला हळदकुंकू, समोर नारळ.

"आजी, हा डोंगर आहे," मी पूजा करणाऱ्या म्हातारीला म्हणालो. "पोटातली आग बाहेर टाकतो."

"हाव, कोपलीच असंन. ज्वालामुखी देवीच ना ते? चपला काढा, गुरुजी."

मी काढल्या. अख्खा वर्ग खिडकीतून पाहत होता.

तपासणीला साहेब आले, तेव्हा मुलांनी भूकंपाचा नाच केला. इतके पाय आपटले की छपराची कौलं सुटून साहेबांच्या टेबलावर पडली. साहेब टेबलाखाली. हेडमास्तरांनी वाकून विचारलं, "साहेब, शेरा?"

खालून आवाज आला, "परिणामकारक."

स्नेहसंमेलनात मात्र हसू आलं नाही. चौथीतली सुमन पैनगंगा झाली होती. निळं लुगडं जमिनीवर पसरून ती नाचत होती, तोच तिचे वडील किसनराव काठी घेऊन थेट मांडवात शिरले.

"पोरगी शिकाले पाठवली, नाचवाले नाई. चाल घरी."

मी पडद्यामागे होतो आणि माझे पाय पुढे येईनात.

सुमन थांबली नाही. वडिलांजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, बाजूले सरा. तुमी नदीत उभे राह्यले."

किसनरावांनी खाली पाहिलं. धोतराचा सोगा वर उचलला, आणि जपून पावलं टाकत काठावर जाऊन उभे राहिले.