अंबाडीतलं एक झाड

जयंत वानखडे यांनी उभ्या आयुष्यात कायदा मोडला तो एकदाच, आणि तोही भाजीच्या वाफ्यात. एरवी हा माणूस असा, की रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी हिरवा दिवा लागेपर्यंत फुटपाथच्या कडेला उभा राहणार. कचऱ्याचे डबे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रंगाचे, दांडा रस्त्याकडे करून बाहेर ठेवणार. शेजाऱ्याचा डबा उलटा दिसला तर तोही सरळ करणार. कॉव्हेंट्रीतल्या मोटारींच्या कारखान्यात त्यांनी गिअरबॉक्स तपासण्यात हयात घालवली, आणि तपासणाऱ्याची ती नजर निवृत्तीनंतरही घरातल्या प्रत्येक वस्तूवरून फिरत असे. सुनेत्राबाई म्हणायच्या, "अहो, मी गिअरबॉक्स नाहीये, मला जरा एकटीला बसू द्या."

या माणसाचं सगळं सुख एका अलॉटमेंटमध्ये होतं. तिथे कौन्सिल लोकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे लांबट तुकडे भाड्यानं देते, त्यातला एक जयंतरावांचा. अमरावतीजवळच्या गावात बालपण गेलेलं, त्यामुळे हाताला माती लागली नाही तर जेवण अंगी लागत नसे. तिथे त्यांनी मेथी काढली, कोथिंबीर काढली, थंडीनं मान टाकणारी वांगी काढली. पण त्यांची खरी ओळख होती ती ग्रीनहाउसमधली अंबाडी. अंबाडीच्या आंबट भाजीशिवाय वऱ्हाडी माणसाचा उन्हाळा सुना. इथे ती काचेच्या आत का होईना, पण ते दरवर्षी पेरायचेच.

या अंबाडीनं त्यांना एकदा पोलीसही दाखवले. तिची पानं हाताच्या पंजासारखी कातरलेली. अजाण माणसाला वाटावं, हा गांजाच. नवीन आलेल्या कुण्या प्लॉटवाल्यानं फोन केला आणि एक तरुण हवालदार ग्रीनहाउसच्या दाराशी येऊन उभा राहिला. जयंतरावांनी एक पान खुडून स्वतः चावलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं. बिचाऱ्यानं ते तोंडात घातलं, डोळे मिटले, चेहरा लिंबासारखा पिळला, आणि हसत निघून गेला. तेव्हापासून अलॉटमेंटच्या कमिटीचा सेक्रेटरी नॉर्मन तिला "जयंतचा आंबट पालक" म्हणतो. ती पानं बघून आता कुणी भुवईही उचलत नाही.

चार वर्षांपूर्वी सुनेत्राबाईंना नागीण झाली. उजव्या खांद्यापासून पाठीपर्यंत फोड आले, गेले, पण जाताना आग मागे ठेवून गेले. कातडी वरून स्वच्छ, आत निखारा. कापडाचा स्पर्श सोसवेना. ज्या बाईनं शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कडक इस्त्रीच्या साड्या नेसून काम केलं, ती खांद्यावर साधा पदर घेऊ शकेना. गोळ्या झाल्या, मलमं झाली, सुया टोचून झाल्या. शेवटी मँचेस्टरला फार्मसिस्ट असलेली, इथेच लहानाची मोठी झाल्यानं मोडकं मराठी बोलणारी लेक देविका आली आणि आईच्या पुढ्यात बसली.

"आई, एक स्पेशालिस्ट क्लिनिक आहे. ते कॅनाबिस प्रिस्क्राइब करतात. इट्स लीगल. माझा दोन पेशंटला खूप फरक पडली."

"गांजा म्हण ना सरळ," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मी काय साधू आहे राख फासलेली?"

त्यांनी पुरते सहा महिने नाही म्हटलं. मग एका सकाळी, पदराची पिन लावता लावता रडू फुटल्यावर, हो म्हटलं.

पहिलं औषध त्यांना दिवसभर पेंगवत ठेवी. डॉक्टरांनी ते बदललं आणि सकाळसाठी दुसरं दिलं: सटायव्हा या गांजाच्या प्रकाराचा अंश जास्त असलेली संकरित जात, जिनं दुखणं मागे सरतं पण डोकं जागं राहतं. ओढायचं नाही, जाळायचं नाही, तसं केलं तर कायद्याला चालत नाही. एका लहानशा यंत्रात चिमूटभर फूल तापवून त्याची वाफ घ्यायची. चहाच्या आधी सुनेत्राबाई खिडकीशी बसून ती घेत, आणि अर्ध्या तासानं उठून स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवर ओरडू लागत. जयंतरावांना त्या ओरडण्याइतकं गोड काही ऐकू आलं नव्हतं. बाईंच्या खांद्यावर पुन्हा पदर आला. आणि एकदा मनानं घेतलं म्हटल्यावर त्यांनी ते लपवलंही नाही. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात कुणी कुजबुजलं, तर त्या आपणहून सांगत, "डॉक्टरांनी लिहून दिलंय, डबीवर माझं नाव आहे. तुमच्या बीपीच्या गोळीसारखंच." ती ताठ मान त्यांनी फार सोसून मिळवली होती.

मग गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात ते औषध मिळेनासं झालं. कुठेतरी पुरवठा अडला होता. क्लिनिकनं माफी मागितली, बदली जात पाठवली, ती लागू पडली नाही. सुनेत्राबाई पुन्हा खुर्चीच्या टोकाला बसू लागल्या, उजवा खांदा उघडा टाकून, खोलीतला हीटर पेटवून. बोलणं थांबलं. भांडी गप्प झाली. जयंतराव उठत, कोट चढवत, "जरा प्लॉटवर जाऊन येतो" म्हणत आणि निघत. त्या दिवसांत बर्फानं कडक झालेल्या जमिनीत करण्यासारखं काय होतं, ते त्यांनाच ठाऊक. शेडमध्ये बसून ते कुदळीला तेल लावत. सगळ्या कुदळी झाल्या की पहिलीला परत लावत.

त्या शेडमध्येच त्यांच्या मनात आलं, की जे घरच्या मातीत येतं त्यासाठी माणसानं दुसऱ्याच्या तोंडाकडे का बघावं?

या देशाचा कायदा त्यांना इथे पहिल्यांदाच विचित्र वाटला. बी विकत घेणं गुन्हा नाही. ते रुजवणं मात्र गुन्हा. "बी विकता आणि पेरू नका म्हणता, हा काय शहाणपणा झाला?" असं ते शेडमधल्या बादलीला म्हणाले. तिला पटलं असावं, कारण ती काही बोलली नाही. सुनेत्राच्या औषधाशी जुळणाऱ्या जातीचं पाकीट त्यांनी मागवलं. एकच बी घेतलं, बाकीचं पाकीट शेकोटीत घातलं, आणि मे महिन्यात अंबाडीच्या मधोमध ते बी टोचलं.

उगवलं. आणि काय उगवलं! अंबाडी गुडघ्याला लागत होती तेव्हा हे कमरेला आलं. सडपातळ, उंच, लांब बोटांची पानं, कुठे घाई नाही, कुठे खुरटेपण नाही. जयंतराव त्याच्या प्रेमात पडले, हे लपवण्यात अर्थ नाही. ते त्याला पाणी घालताना वऱ्हाडीत बोलत. शेंडा काचेला टेकू लागला तेव्हा त्यांनी तो सुतळीनं वाकवून अंबाडीच्या उंचीला आणला. नॉर्मन दोनदा येऊन गेला, म्हणाला, "यंदा आंबट पालक जोरात आहे," आणि टोमॅटो घेऊन गेला. पकडले गेलो तर प्लॉट जाईल, नाव जाईल, हे त्यांना कळत होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. सुनेत्राच्या डबीवर तिचं नाव होतं आणि त्या नावावर एक डाग नव्हता. वानखडेंच्या घरी चोरून गांजा पिकतो, एवढं बाहेर फुटलं की ते नाव कोण वाचणार होतं? हे कळूनही ते रोज सकाळी पाणी घालत होते. असं का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

ऑगस्टमध्ये मंडळाचं श्रावणातलं जेवण ठरलं. औषध कधीच परत सुरू झालं होतं, सुनेत्राबाई फॉर्मात होत्या, आणि त्यांनी अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या भाकऱ्या अंगावर घेतल्या.

"मी येते उद्या प्लॉटवर. भाजी मीच खुडणार."

"तू कशाला? मी आणतो की पिशवीभर."

"तुम्ही जून पानं आणता. मागल्या वेळी दोरखंड शिजवल्यासारखं वाटलं."

"खांदा दुखेल."

"दुखला तर माझा दुखेल. गाडी काढा."

ग्रीनहाउसचं दार उघडून सुनेत्राबाई आत गेल्या आणि थांबल्या. अंबाडीकडे बघितलंही नाही, आधी नुसता श्वास घेतला. लिंबाची साल चुरगाळल्याचा वास, मागून रॉकेलची झाक. हा वास त्या दोन वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी घेत होत्या. त्या सरळ मधल्या ओळीत शिरल्या, सुतळीनं वाकवलेलं झाड धरलं, एक पान तोडून दाताखाली चावलं आणि थुंकलं.

"हे आंबट नाही."

जयंतराव दारात उभे होते. कारखान्यात खराब गिअरबॉक्स त्यांच्या हातून सुटून पुढे गेला असता, तरी इतकी शरम वाटली नसती.

"तुझ्यासाठीच लावलं," ते म्हणाले. "पुन्हा स्टॉक संपला तर..."

"तर काय? मी पोलिसांना सांगू, की भाकरीबरोबर थोडं हेही आहे?" त्यांचा आवाज चढला, मग शेजारच्या प्लॉटचं भान येऊन खाली आला, आणि खाली आलेला आवाज जास्त झोंबला. "अहो, दोन वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगतेय, की हे औषध आहे. चोरी नाही, नशा नाही. आणि माझ्याच घरात... तुम्ही? डबे सरळ करणारे तुम्ही?"

"मला बघवत नव्हतं गं. हिवाळ्यात तू तशी बसलेली. मला काही करता येत नव्हतं."

"माहितेय. म्हणून तुम्ही इथे येऊन बसायचात."

जयंतरावांनी वर पाहिलं.

"रोज. बर्फात. मी खिडकीतून तुमची गाडी जाताना बघायची. मला वाटायचं, आता परत येतील, आता येतील." सुनेत्राबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "मला झाड नको होतं हो. तुम्ही हवे होतात. नुसतं शेजारी बसायला. आग काय, ती होतच होती, पण एकटीला जास्त होते."

हे असं काही त्यांना कधी सुचलंच नव्हतं. दुखणं म्हणजे बिघाड आणि बिघाड म्हणजे दुरुस्ती, एवढाच हिशेब त्यांच्या डोक्यात होता. दुरुस्त करता येत नाही म्हटल्यावर ते दुकान बंद करून निघून गेले होते. पुढे झाले, सुतळी सोडली, आणि दोन्ही हातांनी झाड उपटलं. मातीचा गोळा घेऊन ते वर आलं. सरळ झाल्यावर ते त्यांच्याही डोक्याच्या वर गेलं. एवढं देखणं झाड त्यांनी या देशात दुसरं वाढवलं नव्हतं, आणि त्यांना वाईट वाटलं.

सुनेत्राबाईंनी ते वाकवून जवळ घेतलं, पानांच्या बेचक्यात बघितलं, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा बघितलं.

"अहो, हे काय लटकतंय?"

"कळ्या आहेत."

"कळ्या नाहीत, गोट्या आहेत. क्लिनिकनं दिलेल्या पुस्तिकेत चित्र आहे. औषध मादीच्या फुलांत असतं." त्यांचा आवाज हलू लागला. "जयंतराव, हा नर आहे. तुम्ही तीन महिने तुरुंगाच्या दारात उभे राहून नर वाढवलात!"

एरवी त्या नवऱ्याला नावानं कधी हाक मारत नसत. त्या हसायला लागल्या. हसता हसता खताच्या पोत्यावर बसल्या, खांद्याला कळ आली, "आई गं" म्हणाल्या आणि तरीही हसत राहिल्या. जयंतरावांनी आधी ओशाळून झाडाकडे पाहिलं, मग त्यांनाही राहवेना. पपईची झाडं नर-मादी ओळखून ठेवणाऱ्या बापाचा मुलगा, आणि बघायचंच विसरला! प्रेमात पडलेल्या माणसाला कोण सांगणार? त्यांनी झाडाचे तुकडे करून कंपोस्टच्या ढिगात अगदी तळाशी पुरले, वर बटाट्याची सालं, वर गवत. मग दोघांनी मिळून कोवळी अंबाडी खुडली, तीन पिशव्या. मंडळात भाजी पुरली नाही. सुक्या मिरचीची फोडणी कुणी दिली म्हणून सगळे विचारत होते, आणि सुनेत्राबाई पदर खोचून वाढत होत्या.

यंदा एप्रिलमध्ये पुरवठा पुन्हा अडला. ऐन पेरणीचे दिवस, रोपं ट्रेमध्ये वाट बघतायत, आणि बाहेर स्वच्छ ऊन. पहिल्या सकाळी जयंतरावांनी सवयीनं कोट घेतला. सुनेत्राबाई खिडकीशी बसल्या होत्या, खांदा उघडा, डोळे मिटलेले. कोट बाहीत अर्धा गेलेला तसाच त्यांनी काढून ठेवला आणि दुसरी खुर्ची ओढली.

"जा की तुम्ही," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "रोपं मरतील."

"मरू देत."

औषध येईपर्यंत ते तिथेच बसले. कधी मराठी बातम्या लावल्या, कधी काहीच नाही. दुखणं वाढलं की सुनेत्राबाई त्यांचं मनगट धरत आणि ओसरलं की सोडत. नॉर्मननं फोन करून विचारलं, प्लॉटवर कुणी दिसत नाही, सगळं ठीक ना? जयंतराव म्हणाले, "ऑल फाइन, नॉर्मन. आय अ‍ॅम बिझी."

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या ग्रीनहाउसमध्ये अंबाडी आलीच नाही.