पाहुण्यांसाठी कापलेली करडई

आमच्या कॉलेजच्या ऑफिसातून दर वर्षी एक दिवसाची सहल निघते. ती काढायची पाळी एकेकाकडे येते. ज्याची पाळी, त्यानेच ठिकाण ठरवायचं, गाडी सांगायची आणि दिवसभर सगळ्यांना फिरवून दाखवायचं. तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या सहलींना गेले. कुणी किल्ला दाखवला, कुणी धरण. मी कलबुर्गीत नवीन आले तेव्हा याच लोकांनी मला खोली शोधून दिली, कॉम्प्युटरवरची कामं शिकवली, दुपारी आपल्या डब्यातलं वाढलं. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. नोकरीत कसं वागावं हे सांगणारं घरी कुणी नव्हतं, ते यांनी सांगितलं. म्हणून यंदा माझी पाळी आली तेव्हा दुसऱ्या कुणाला दाखवता आलं नसतं असं काही मला यांना दाखवायचं होतं. आमच्या शेतातली फुललेली करडई.

आमचं गाव आळंद तालुक्यात, मादन हिप्परग्याच्या पुढं. शेतात ज्वारी, आणि गाडीवाटेच्या कडेनं घरच्या तेलापुरती करडईची पट्टी. माघात ती फुलते. आधी पिवळी, मग जून होईल तशी केशरी, आणि एकाच झाडावर दोन्ही रंग. महिनाभर मी ऑफिसात हेच सांगत होते. आमच्या मोठ्या मॅडमनी तर पिवळ्यावर उठून दिसावी म्हणून जांभळी साडी काढून ठेवली होती.

चूक माझीच झाली. अप्पांना फोनवर "फुलं बघायला येणार आहेत" असं सांगायची मला लाज वाटली. गाडी करून, एवढ्या लांब, फुलं बघायला? अप्पांनी जन्मभर करडईच्या काट्यांत पायाला गोणपाट गुंडाळून काम केलंय. मी एवढंच विचारलं, "अप्पा, करडी फुलली का?"

"फुललीया की, झकास."

"रविवारी आमच्या ऑफिसातले चौदा जण शेत बघायला येणारेत."

"येऊ दे की माय. आपलंच शेत हाय."

रविवारी गाडी तासभर उशिरा निघाली. एकाला वाटेत देवळात जायचं होतं, एकीला चहा हवा होता. मी घड्याळाकडे बघत बसले. आळंद सोडल्यावर मात्र मी उठून ड्रायव्हरच्या मागं उभी राहिले आणि कन्नडात समजावून सांगायला लागले. ही तूर काढलेली जमीन, हा हरभरा, ही काळी माती. शेवटचं वळण आलं तसं मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "आता उजवीकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मीही वळले.

पट्टी कापलेली होती. नुसती कापलेली नाही, झाडून काढलेली. लिंबाखाली तीन सतरंज्या, पाण्याच्या दोन घागरी, आणि पांढरं धोतर नेसून अप्पा हात जोडून उभे. कापलेली करडई बांधाला ढीग करून टाकली होती, फुलांसकट.

मी गाडीतून उडी मारूनच खाली उतरले. "अप्पा, कामून कापली?"

"मग? पाहुण्यायला काट्यात बसवू का? तुझ्या मॅडमच्या पायात काटा मोडला तर गावात काय तोंड दाखवू?"

"ते करडीच बघायला आलेत!"

"करडीत बघायचं काय असतंय?" अप्पांना खरोखरच कळेना.

"मला एकदा विचारायचं तरी!"

तेवढ्यात आई आली. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. "पाहुण्यांदेखत बापावर वरडायलीस व्हय? दोन दिस झाले दोघं कापायलोत. बी भरायच्या आत कापली, वर्साचं तेल गेलं म्हण. तरी म्हणलं, लेकीचे लोक हाईत."

तरी माझा राग गेला नाही. तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. ओढ्यापलीकडच्या शेतात करडई उभी होती. तिकडे गाडीवाट नव्हती, तरी हट्टानं मी सगळ्यांना चालवत नेलं. मॅडम तीन पावलं आत शिरल्या आणि त्यांची साडी अडकली. आमच्या हिशेबनीस सरांची पोटरी ओरबाडली. बाकीचे बांधावरनंच परतले. अप्पा लांबून बघत होते.

मग कुणाला तरी बांधावरचा ढीग दिसला. अर्ध्या तासात सगळ्यांचे फोटो झाले. सतरंजीची घडी हातावर घेऊन तिच्यावर करडईच्या पेंढ्या धरायच्या आणि हसायचं. फुलं माना टाकायला लागली होती. "किती सुंदर!" मॅडम म्हणाल्या. त्या मनापासून म्हणत होत्या, आणि मला रडू येत होतं.

जेवायला शेंगांच्या पोळ्या, भाकरी, वांग्याचं भरीत, ताक. सगळे पोटभर जेवले. हात धुताना हिशेबनीस सर म्हणाले, आजवरच्या सहलींत असं जेवण झालं नाही. मी मान हलवली. जेवणासाठी मी कुणाला आणलं नव्हतं.

निघताना मॅडम अप्पांना कन्नडात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी फुलं झाडावर असताना येऊ."

अप्पांनी हो हो केलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "म्हंजे पुढल्या साली पेरायची?"

"पेरायची."

"आन् कापायची न्हाई?"

"न्हाई, अप्पा."

त्यांनी झाडून लख्ख केलेल्या त्या पट्टीकडे बघितलं. "मग एवढे लोक बसतेत कुठं?"

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी गाडीत जाऊन बसले.